तिजोरीची दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाजवळ, दुसरी अधिकाऱ्याजवळ. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. रोखपाल कितीही जुना असो, कितीही सचोटीचा असो, दोन्ही किल्ल्या एकट्याच्या हाती कधीच देत नाहीत. यात कुणाचा अपमान नसतो. एकटा माणूस घाबरू शकतो, घाईत असू शकतो, त्याला कुणी धमकावू शकते, हे बँकांनी फार पूर्वीच ओळखले होते.

एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी ३४ वर्षे नोकरी केली. १९८३ मध्ये नागपूरला कारकून म्हणून लागले, नंतर जबलपूरला बदली झाली आणि २०१७ मध्ये इंदूरला अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीच्या काळात पाचशे रुपयांचा चेक वटवायचा तरी ग्राहकाला अर्धा तास बाकावर बसावे लागे. चेक खिडकीत दिला की हातात पितळी टोकन येई. एक कारकून चेकची नोंद खातेवहीत करी. अधिकारी नमुना सहीचे कार्ड काढून सही ताडून पाही आणि चेक मंजूर करी. मग तो रोखपालाकडे जाई. रोखपाल टोकन मागे, ‘रक्कम किती?’ असे विचारी आणि मगच नोटा मोजून देई. संध्याकाळी सगळ्या वह्यांचा ताळा लागल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

लोक वैतागत. ‘आमचेच पैसे, आणि आम्हालाच इतके प्रश्न!’ असे मी हजारदा ऐकले आहे. पण त्या अर्ध्या तासात एक चेक तीन जोड्या डोळ्यांखालून जात असे.

आज ती सगळी शाखा हातातल्या फोनमध्ये आली आहे. मला याचे कौतुकच आहे. माझे निवृत्तिवेतन जमा झाल्याचे घरबसल्या कळते, विजेचे बिल मी रात्री दहा वाजताही भरते, बंगळूरच्या नातीला वाढदिवसाचे पैसे एका मिनिटात पोहोचतात. पुन्हा टोकन घेऊन बाकावर बसायची हौस मला नाही. एक गोष्ट मात्र आपण सगळ्यांनीच नीट समजून घ्यायला हवी. फोनवरून पैसे पाठवताना कारकूनही आपणच असतो, सही ताडणारा अधिकारीही आपणच, रोखपालही आपणच आणि दारावरचा पहारेकरीही आपणच. दोन्ही किल्ल्या एकाच हातात आहेत. आपल्याला हे बहुधा जाणवत नाही. चोराने मात्र ते बरोबर हेरले आहे.

चोर कुलूप फोडत नाही

पुष्कळांची अशी समजूत असते, की कुणी हुशार माणूस दूर कुठेतरी संगणकापुढे बसून बँकेची यंत्रणा फोडतो आणि आपले पैसे काढून घेतो. तसे घडतच नाही असे नाही, पण घरातल्या माणसांचे पैसे बहुतेक वेळा असे जात नाहीत. कुलूप मजबूत असते. पिन किंवा फोनवर येणारा ओटीपी यांच्याशिवाय ते सहसा उघडत नाही. म्हणून चोर कुलपाच्या वाटेला न जाता मालकाकडे जातो आणि मालकाकडूनच ते उघडून घेतो. त्याची सगळी नाटके एवढ्यासाठीच असतात.

नाटकांची नावे बदलत राहतात. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला.’ ‘तुमचे केवायसी संपले आहे, खाते बंद होईल.’ ‘चुकून तुमच्या खात्यात पाच हजार गेले, परत पाठवा ना ताई, आईच्या औषधाचे आहेत.’ कधी अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका येते किंवा वाहनाच्या दंडाची पावती येते. ती उघडायला गेले की पत्रिका दिसत नाही, फोनमध्ये एक ॲप घुसते. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ते ॲप मग फोनवर येणारे संदेश वाचू लागते. कधी ‘मी मदत करतो’ म्हणून असे ॲप घ्यायला लावतात, की आपल्या फोनचा पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसू लागतो. मग ओटीपी तोंडाने सांगायचीही गरज उरत नाही. तो तिकडे वाचलाच जातो.

या सगळ्या नाटकांत दोन गोष्टी कायम असतात. पहिली, घाई. दुसरी, ‘कुणाला सांगू नका.’ आधी मनुष्य एकटा पाडायचा आणि मग त्याला पळवायचे.

एकाच दिवशी दोन प्रसंग

माझ्या मोठ्या जाऊबाई बडोद्याला राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. भावजी गेल्यापासून अकरा वर्षे घराचा सगळा व्यवहार त्याच पाहत होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांना फोन आला. ‘तुमच्या नावाचे एक पार्सल मुंबईत पकडले गेले आहे, त्यात अमली पदार्थ आहेत.’ मग व्हिडिओवर गणवेशातला एक माणूस आला. मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही. मुलाला सांगितलेत तर त्यालाही आत घेऊ.’

मुलगा आणि सून कामावर गेलेले. दोन तास त्या त्या माणसासमोर बसून होत्या. पैसे ‘तपासून परत देऊ’ असे सांगून त्याने त्यांना फोनवरून ९० हजार रुपये पाठवायला लावले. यूपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याला दिवसाला साधारण एक लाखापर्यंतच रक्कम पाठवता येते. म्हणून तेवढीच मागितली गेली. मग त्याने मुदतठेवीबद्दल विचारले. भावजींच्या फंडाचे सहा लाख रुपये कागदी पावतीवर ठेवलेले होते. ते मोडायला शाखेतच जावे लागणार होते. ‘जा, पण फोन चालू ठेवून पर्समध्ये ठेवा. विचारले तर घराच्या दुरुस्तीसाठी हवेत म्हणून सांगा.’

जाऊबाई रिक्षा करून शाखेत गेल्या. पावती पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने रक्कम पाहिली, त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, ‘मासी, घरी सगळे ठीक आहे ना? एवढी मोठी ठेव, मुदतीला चारच महिने राहिलेत.’ त्यांनी पढवलेले उत्तर दिले. पण तेवढ्यात पर्समधून कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. मुलीने काही न बोलता त्यांना मॅनेजरच्या खोलीत नेले. मॅनेजरने फोन घेतला आणि बंद केला. जाऊबाई खुर्चीत बसून रडू लागल्या.

माणूस तोच, दिवस तोच, भीतीही तीच. सकाळचे ९० हजार एकटीच्या हातून गेले. दुपारचे सहा लाख वाचले, कारण मध्ये दुसरे कुणीतरी होते आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला. मी चौतीस वर्षांत त्या दुसऱ्या किल्लीचे महत्त्व जितके जाणले नव्हते, तितके त्या एका दिवसाने मला कळले.

मॅनेजरनेच तिथून १९३० हा नंबर लावून दिला. सायबर चोरीची तक्रार देण्याचा हा देशभराचा नंबर आहे. तिथे व्यवहाराचा तपशील दिला की ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि चोराच्या खात्यात पैसे अजून असतील तर ते तिथेच अडवले जातात. पण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर हलवतो. म्हणून जे काही वाचते, ते पहिल्या तासांतच. ९० हजारांपैकी २२ हजार कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले आणि काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितले, की कायद्यात डिजिटल अटक अशी काही व्यवस्थाच नाही. कुठलाही पोलीस, सीबीआयचा अधिकारी किंवा न्यायाधीश व्हिडिओवर चौकशी करून पैसे मागत नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला तोंडपाठ असायला हवे.

पैशांहून मोठे नुकसान

मी चौथ्या दिवशी बडोद्याला पोहोचले. जाऊबाई देवघरापाशी बसून होत्या. कुणी आले की आत जात. घरात सगळ्यांनी एक ना एक वाक्य त्यांना ऐकवून झाले होते. ‘आई, तू गणिताची शिक्षिका ना?’ ‘पेपरात रोज येते, वाचत नाही का?’ ‘निदान मला एक फोन तरी करायचास!’ बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण प्रत्येक वाक्याबरोबर त्या आणखी लहान होत होत्या.

त्यांनी एटीएमचे कार्ड मुलाच्या हवाली केले होते, फोनवरचे बँकेचे ॲप काढून टाकले होते. भाजीला, रिक्षाला, देवळात ठेवायला म्हणून मुलाकडे दोन-दोनशे रुपये मागत होत्या. अकरा वर्षे ज्या बाईने घर चालवले, ती स्वतःच्याच निवृत्तिवेतनासाठी हात पसरत होती. चोराने ६८ हजार नेले. हे मात्र चोराने नेलेले नव्हते.

मुलाचे म्हणणे होते, ‘काकू, आता आईला फोनवर बँक नकोच. मी बघतो सगळे.’ वरवर पाहता ते शहाणपणाचे वाटते. पण उद्या मुलगा परगावी असला आणि आईला अचानक दवाखान्यात पैसे भरावे लागले तर? शिवाय माणसाच्या हातातून व्यवहार काढून घेतला की त्याचा स्वतःवरचा विश्वासही जातो आणि असा बिचकलेला माणूस पुढच्या फोनला अधिकच लवकर घाबरतो. मी त्याला म्हटले, ‘अरे, बँकेत रोखपालाची चूक झाली की त्याला घरी बसवत नाहीत. त्याच्याभोवतीची व्यवस्था तपासतात.’

मग आम्ही तिघे दोन संध्याकाळ जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि व्यवस्था लावली.

आम्ही काय केले

पहिले काम, रोखपालाची मर्यादा. बँकेत रोखपालाच्या गल्ल्यात दिवसभरापुरतीच रक्कम असते, बाकीची तिजोरीत. तसेच जाऊबाईंचे दोन भाग केले. एक लहान खाते, ज्यात दर महिन्याला दहा हजार रुपये. फोनवरचे यूपीआय फक्त त्याला जोडलेले. मोठे खाते आणि ठेवी फोनपासून अलग. कार्डावरचे परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन खरेदी बंद करून ठेवली. ही सोय प्रत्येक कार्डावर द्यावी, ग्राहकाला आपली मर्यादा स्वतः ठरवू द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच दिला आहे. गरज पडेल तेव्हा सुरू करायचे, काम झाले की बंद. दारे उघडी टाकून कुणी झोपते का?

दुसरे, सहीचा नियम. आपल्या खात्यात कुणी पैसे भरायचे तर पूर्वीही आपली सही कधी लागत नव्हती. खातेक्रमांक पुरे. पिन म्हणजे आपली सही. पैसे यायचे असतील तर पिन टाकायचा नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करायचा नाही. अनोळखी माणसे फोनवर पैशांची मागणी पाठवून पिन टाकायला लावत. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. पण ‘हा कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारे अजून आहेतच. पिन टाकण्याआधी पडद्यावर ज्याचे नाव दिसते ते मोठ्याने वाचायचे, ही सवय जाऊबाईंनी स्वतःच लावून घेतली.

तिसरे, नमुना ताडून पाहणे. बँकेतून फोन आला तर ऐकायचे, ठेवून द्यायचा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण फोन करायचा. खरे काम असेल तर तिथेही कळेल. मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, कारण तिथे चोरांनीही आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. संदेशातल्या दुव्यावरून बँकेत शिरायचे नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली आणायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. पत्त्याच्या शेवटी ही अक्षरे आहेत की नाहीत, ते पाहून घ्यावे.

चौथे, रोजचा ताळा. रात्री जेवण झाल्यावर दिवसाचे संदेश पाहायचे आणि वहीत लिहायचे. दूध, भाजी, औषध. पाच मिनिटांचे काम. न केलेला व्यवहार दिसला तर सकाळची वाट पाहायची नाही. फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि तासाभरात आले नाही, तरी दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारायचे. आपल्या नंबराचे दुसरे सिम कुणी काढले असण्याची शक्यता असते.

आणि पाचवे, दुसरी किल्ली. पाच हजारांवरची रक्कम नव्या माणसाला पाठवायची असेल, तर आधी घरातल्या कुणा एकाला सांगायचे. मुलगा, सून, नाहीतर मी. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचे. जाऊबाईंनी विचारले, ‘म्हणजे पिन तुला सांगून ठेवू का गं?’ मी म्हटले, ‘मुळीच नाही, वहिनी. तिजोरीच्या दोन किल्ल्या सारख्या नसतात. तुमची तुमच्याजवळ. माझी किल्ली म्हणजे एक प्रश्न, कशासाठी?’ एवढ्या एका प्रश्नाला उत्तर देताना खोटे काम बहुधा उघडे पडते, कारण ते मोठ्याने बोलून दाखवताना आपलेच आपल्याला विचित्र वाटते.

मुलगा आणि सूनही हा नियम पाळतील, असे मी त्याच बैठकीत ठरवून घेतले. नियम फक्त म्हाताऱ्यांना लावला की तो पहारा होतो, सगळ्यांना लावला की घरची रीत होते. तीनच महिन्यांनी सुनेला ‘घरबसल्या काम, रोज दोन हजार’ असा संदेश आला. आधी तीनशे रुपये खरोखर मिळाले, मग आठ हजार भरायला सांगितले. तिने रीतीप्रमाणे सासूला सांगितले. गणिताच्या बाईंनी विचारले, ‘काम तू करणार आणि पैसेही तूच भरणार, हे कुठले गणित?’ आठ हजार वाचले.

चोरी झालीच तर

इतके करूनही चोरी होऊ शकते. तेव्हा वेळ हीच खरी दौलत. आधी बँकेला कळवून खाते, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगावे, लगेच १९३० लावावा किंवा गृह मंत्रालयाच्या ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार नोंदवावी. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. संदेश, फोन नंबर, पावत्या पुसू नयेत. तोच पुरावा असतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारी कुणाची हे ठरवून दिले. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना बाहेरच्या कुणी व्यवहार केला आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार नाही. चार ते सात दिवस लावले तर काही भार त्याच्यावर येतो. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे आपण फसलो असलो तरीही लवकर सांगण्यातच फायदा आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

पण हे सगळे नियम अशा घरातच उपयोगी पडतात, जिथे फसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ‘मी फसले’ म्हणू शकतो. जिथे त्याला आधी ‘तुला अक्कल नाही का’ ऐकावे लागते, तिथे तो ते तीन दिवस पोटात ठेवतो आणि तेवढ्यात पैसे दहा खाती ओलांडून जातात. म्हणून घरातल्या मोठ्यांना ॲप कसे वापरायचे हे शिकवण्याआधी एवढे सांगा, की काही झाले तरी आधी मला हाक मार, रागावणार नाही. आणि खरोखरच रागावू नका.

जाऊबाई आता दूधवाल्याचे पैसे स्वतः फोनवरून देतात. गेल्या महिन्यात त्यांना पुन्हा एक फोन आला, ‘तुमच्या आधारकार्डावर गुन्हा नोंदला आहे.’ त्या म्हणाल्या, ‘थांबा हं, माझी जाऊ बँकेत होती, तिला विचारून सांगते.’ फोन पलीकडूनच बंद झाला.